होडीतून दिसणारा किनारा

लिवोनियन लोकांचा झेंडा समजून घ्यायचा तर मनाने आधी होडीत बसावं लागतं. वर हिरवा, मध्ये अरुंद पांढरा, खाली निळा: पाइनचं रान, वाळू आणि समुद्र. मासे घेऊन परतणाऱ्याला गाव दिसतं ते असं. लॅटव्हियाच्या कुर्झेमे किनाऱ्यावर हा झेंडा 1923 साली उभा राहिला. एस्टोनियनशी जवळचं नातं असलेली, लॅटव्हियनहून निराळ्या कुळातली भाषा बोलणारे हे लोक स्वतःला ‘किनाऱ्यावरचे’ म्हणवत. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेने या किनाऱ्याचं बंदिस्त सीमाक्षेत्र केलं. लिवोनियन भाषेचा कणा मोडला तो त्यामुळे, असं माझं मत आहे.

किनाऱ्यावर पहारा तर सगळीच राष्ट्रं ठेवतात, मग दोष यांनाच का, असं कुणी विचारील. उत्तर वाळूत आहे. पेरणीआधी शेतात कुळव फिरवावा तशी किनाऱ्यावरची वाळू ओढून सारखी केली जाई, म्हणजे रात्री उमटलेलं पाऊल सकाळी लपू नये. अंधार पडला की किनाऱ्यावर जायला मनाई, बाहेरच्या माणसाला परवाना, शिवाय टेहळणीचे मनोरे आणि सर्चलाइट. होडी पाण्यात लोटायलाही चौकीची परवानगी लागे. शत्रू समुद्रातून येणार होता, तर गावच्या वल्ह्यांच्या होडीवर एवढी नजर कशाला? कुर्झेमेच्या किनाऱ्यावरून 1944-45 मध्ये हजारो लोक स्वीडनच्या गॉटलंड बेटाकडे निसटले होते. खरी धास्ती जाणाऱ्यांची होती. मासेमारी कोलखोझच्या, म्हणजे सामूहिक संस्थांच्या, हाती आणि पुढे मोठ्या बंदरांकडे गेली. माझिर्बे गावच्या लाकडी होड्या रानात ओढून नेल्या गेल्या आणि तिथेच कुजल्या. झाडांखाली, शेवाळात त्यांच्या फासळ्या उरल्या.

भाषा तशीही संपतच आली होती, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. शाळा आणि चर्च लॅटव्हियन होतं, पहिल्या महायुद्धात गावं पांगली होती, हे खरंच. पण त्या पांगापांगीनंतर लोक परतले. 1931 पासून ‘लीव्ली’ हे नियतकालिक निघालं आणि 1939 मध्ये एस्टोनिया, फिनलंड, हंगेरीच्या मदतीने माझिर्बेत समाजगृह उभं राहिलं. परतायला तेव्हा समुद्र होता, म्हणजे पोट होतं. 1945 नंतर तरुणांनी परतावं कशासाठी? पहाऱ्यामुळे निसर्ग तरी वाचला, असंही सांगतात. रान वाचलं, कबूल. पण त्याच रानात, व्हेंट्सपिल्सजवळच्या इर्बेनेत, लष्कराने 32 मीटर व्यासाची रेडिओ-अँटेना उभारली होती. हा पहारा निसर्गासाठी नव्हता.

वाइदे गावात 1910 साली जन्मलेली ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या 1944 मध्ये, समुद्र बंद होण्याआधी, स्वीडनला निघून गेली. लिवोनियन मातृभाषा असलेली ती शेवटची व्यक्ती मानली जाते. 2013 साली ती कॅनडात वारली.