सुरक्षा इंधन टाकी, शर्यती मोटारगाडीतील

शर्यतीच्या मोटारगाडीत इंधन साठविण्यासाठी वापरण्यात येणारी, आघाताने सहजासहजी न फुटणारी लवचिक टाकी. रासायनिक ऊर्जेचे सरळ विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या इंधन-विद्युत् घटाशी तिचा संबंध नाही. इंग्रजीत दोहोंना एकच नाव असल्यामुळे मात्र घोटाळा होण्याचा संभव असतो. जुन्या शर्यती गाड्या आजही चालविल्या जातात व त्यांत अशी टाकी नव्याने बसवावी लागते. टाकी कितीही चांगली असली, तरी ती गाडीला पक्की बांधलेली नसेल, तर तिचा उपयोग होत नाही.

इतिहास : सुरुवातीच्या शर्यती गाड्यांत पातळ पत्र्याची रिव्हेट मारलेली किंवा झाळलेली टाकी असे. १९५०–६० या दशकातील मासेराती २५० एफ या गाडीत ती शेपटाकडील भागात होती, तर १९६२ सालच्या लोटस २५ या गाडीत दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत रबरी पिशव्या ठेवून त्यांत इंधन भरीत. या पिशव्या जागेचा पूर्ण उपयोग व्हावा म्हणून होत्या, सुरक्षिततेसाठी नव्हे. २४ मे १९६४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथील शर्यतीत ‘फायरबॉल’ रॉबर्ट्‌स हे चालक आगीत सापडले व २ जुलै रोजी मरण पावले. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिस येथे एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डॉनल्ड हे दोन चालक पेट्रोलच्या भडक्यात मृत्यू पावले. या घटनांनंतर लवचिक सुरक्षा टाकीचा प्रसार झाला. १९७० पासून फॉर्म्युला वन गाड्यांना ती सक्तीची झाली व १९७३ साली टाकीभोवती आघात शोषणारी संरचना असण्याचे बंधन आले.

रचना : टाकीचे तीन प्रमुख भाग असतात. पहिला भाग म्हणजे बळकट विणीच्या कापडावर कृत्रिम रबराचा लेप देऊन केलेली पिशवी. आघात झाल्यास ती चेपते, आकार बदलते, पण फाटत नाही. दुसरा भाग म्हणजे पिशवीतील सच्छिद्र पॉलियुरेथेन फेस. तो टाकीच्या आकारमानापैकी केवळ सु. ३ टक्के जागा व्यापतो. मात्र त्यामुळे वळणावर इंधन हिंदकळत नाही आणि वाफेने पेट घेतल्यास ज्योत पसरण्यास अडथळा होतो. तिसरा भाग म्हणजे पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बाहेरची पेटी. ती पिशवीला आधार देते, तिचे घर्षणापासून रक्षण करते आणि गाडीला बांधली जाते.

बांधणी : टाकीवर येणाऱ्या प्रेरणेचा अंदाज पुढील उदाहरणावरून येईल. ८० लिटर पेट्रोलचे वजन सु. ६० किग्रॅ. असते; पिशवी व पेटी मिळून ते ७५ किग्रॅ. धरल्यास, गुरुत्वीय प्रवेगाच्या २५ पट मंदन झाले असता बांधणीवर सु. १८,४०० न्यूटन, म्हणजे सु. १,८७५ किग्रॅ. वजनाइतकी प्रेरणा येते. १९६१–६५ या काळात फॉर्म्युला वन गाडीचे किमान वजन ४५० किग्रॅ. होते, हे लक्षात घेता ही प्रेरणा एका संपूर्ण गाडीच्या वजनाच्या चौपटीहून अधिक भरते. गाडीच्या तळाचा पातळ पत्रा ती पेलू शकत नाही. पत्रा फाटून बोल्ट निखळतात.

म्हणून पेटीखाली चौकोनी नळ्यांची चौकट करून ती सांगाड्याच्या मुख्य दांड्यांना जोडतात. पेटी या चौकटीत बसवून तिच्यावरून पोलादी पट्टे घेतात व ते आरपार बोल्टांनी आवळतात. पत्र्यात आटे पाडत जाणारे स्क्रू येथे वापरीत नाहीत. बोल्ट पत्र्यातून घेणे अटळ असेल, तर मागे रुंद पट्टी ठेवून भार विभागतात. पट्टा व पेटी यांमध्ये रबराची किंवा नमद्याची पट्टी घालतात. पेटीच्या आतील धारा, रिव्हेटांची टोके व वितळजोडाचे उंचवटे घासून गुळगुळीत करतात, अन्यथा सततच्या कंपनाने पिशवीला भोक पडते. पिशवीचा भार तोंडाच्या पट्टीवर किंवा नळांच्या जोडांवर कधीही येऊ देत नाहीत.

टाकी व चालक यांच्यामध्ये फटी नसलेली धातूची आडभिंत असते. इंधनाच्या नळ्यांना थोडी ढील ठेवतात, म्हणजे टाकी किंचित सरकली, तरी जोड उपटले जात नाहीत. वायुनलिकेचे तोंड गाडीबाहेर नेतात व गाडी उलटल्यास आपोआप मिटणारी झडप तिला जोडतात. भरण्याचे तोंड सांगाड्याला विद्युत् संवाहकाने जोडल्यास स्थिर विद्युत् भारामुळे ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. जोडांचे महत्त्व २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे दिसून आले. तेथे रोमँ ग्रोझाँ यांची फॉर्म्युला वन गाडी कठड्यावर आदळली, तेव्हा टाकीच्या तपासणीचे झाकण निखळले व एंजिनाकडे जाणारा इंधनाचा जोड पिशवीपासून तुटला. या दोन वाटांनी इंधन बाहेर पडून भडका उडाला. चालक बचावला.

जुन्या गाड्यांतील अडचणी : ऐतिहासिक गाडीचे मूल्य तिच्या मूळ भागांवर अवलंबून असते. त्यामुळे मूळ सांगाड्यास नवी छिद्रे न पाडता पकडपट्ट्यांनी किंवा पूर्वीच्याच छिद्रांतून चौकट बसविणे इष्ट ठरते. काही वेळा मूळ टाकीलाच झाकण करून तिच्यात पिशवी बसवितात व बाह्यरूप कायम राखतात. मात्र जुन्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ स्फोटक असल्याने ती पूर्णपणे वाफरहित व स्वच्छ केल्याखेरीज कापणे वा झाळणे अत्यंत धोक्याचे असते.

निगा : रबर व फेस कालांतराने खराब होतात. आंतरराष्ट्रीय मोटारगाडी महासंघाच्या मानकांनुसार पिशवीवर निर्मितीची तारीख नोंदलेली असते व तिचे आयुष्य पाच वर्षे धरतात. निर्मात्याने तपासून प्रमाणित केल्यास ते दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. फेसाचे कण गाळणीत दिसू लागले, तर तो तत्काळ बदलतात. अल्कोहॉलमिश्रित इंधन वापरावयाचे असल्यास पिशवी व फेस त्यास टिकणारे आहेत, याची खात्री आधीच करून घेतात. प्रत्येक शर्यतीपूर्वी पट्टे, बोल्ट व नळ्यांचे जोड तपासणे आवश्यक असते.