‘काकू, ते डिलीट करू का?’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मुळशीतल्या पाण्याचं काय सांगायचं! पावसाळ्यात ताम्हिणीत ढग उतरले की पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून पाऊस बघायला येतात आणि एप्रिल-मे उजाडला की आमच्या बायका हंडे घेऊन नळापाशी बसतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण बहुतेक आमच्याच तालुक्यात जन्मली असावी.

त्या आठवड्यात सलग चौथ्या दिवशी नळ कोरडा होता. आमच्या बचत गटाचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. पस्तीस-चाळीस बायका. हप्ता कधी भरायचा, पापड कुणाकडे लाटायचे, कुणाच्या लेकीला स्थळ आलंय, असं सगळं त्यावर चालतं. त्या दिवशी शेजारच्या आळीतल्या एका सुनेने रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पाणीपट्टी आम्ही भरतो, मग पाणी कोण पितं?’ बस्स, एवढंच. बायकांनी अंगठे दाखवले, कुणी हसण्याच्या खुणा पाठवल्या. तासाभरात फोटो गावभर झाला. संध्याकाळी पारावर कुणीतरी तिच्या सासऱ्यांना गाठलं. ‘सुनेला जरा आवरा. वरपर्यंत गेलंय. केस झाली तर मोबाइलसकट आत घेतात.’

रात्री साडेनऊला तिचा फोन आला. आवाज रडवेला. ‘काकू, ते डिलीट करू का?’

आणि मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते, पण वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली मी पटकन म्हणाले, ‘कर गं बाई, कर. ग्रुपची अॅडमिन मी आहे. उद्या माझ्याही दारात पोलीस यायचे!’

तिने फोटो काढून टाकला. मला मात्र रात्रभर झोप नाही. राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. कलम 19. त्यावर मार्कही दिले होते. आणि पहिल्याच परीक्षेत मी स्वतः नापास झाले. मग ठरवलं, आपण नेमकं घाबरलो कशाला, ते तरी नीट वाचून काढू.

एक लाइक आणि एक अटक

वाचायला लागल्यावर पहिली आठवण झाली ती पालघरच्या दोन मुलींची. नोव्हेंबर 2012. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं होतं आणि मुंबई बंद होती. एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर, हा बंद कशासाठी, अशा अर्थाचं काही लिहिलं. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसतं ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. जामीन मिळाला, पुढे प्रकरण बंद झालं, पोलीस अधिकारी निलंबित झाले. पण त्या दोन घरांवर काय गुदरलं असेल, ते आपण आईच्या मनाने समजू शकतो.

तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66 अ नावाचं कलम होतं. इंटरनेटवरचा मजकूर ‘त्रासदायक’ वाटला तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आता त्रास कुणाला कशाचा होईल, याला काही माप आहे का? सुनेचं उलट उत्तर सासूला त्रासदायकच वाटतं! दिल्लीची श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी पालघरची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. एका मुलीने प्रश्न विचारला म्हणून देशाचा कायदा बदलला.

गंमत पुढेच आहे. कलम रद्द झालं, तरी ठिकठिकाणी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. शेवटी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की, या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. म्हणजे कायदा गेला, धाक राहिला. आमच्या पारावरचा माणूस जे बोलला, ते याच धाकाच्या जोरावर.

येरवड्याची वाट

सगळ्यात जवळची गोष्ट तर अगदी अलीकडची, आपल्या पुण्यातली. मे 2025. भारत-पाकिस्तान संघर्षाचे दिवस. इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे पाठवली. लोक भडकले, तेव्हा दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी तिला अटक झाली, कॉलेजने नाव काढलं, आणि परीक्षेच्या दिवसांत पोर येरवड्याच्या तुरुंगात. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामिनावर सोडायला सांगितलं, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारला चांगलंच सुनावलं. तिने पाठवलेलं तुम्हा-आम्हाला पटेलच असं नाही. मलाही पटलं नसतं. पण न पटणं वेगळं आणि पोरीला तुरुंगात टाकणं वेगळं.

येरवडा म्हटलं की आम्हा मुळशीकरांच्या पोटात वेगळंच काही हलतं. माझ्या आजेसासूबाईंचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीचं धरण होणार होतं आणि पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. हजार-बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ बापट झाले. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची घोषणा. बायाही त्यात होत्या. कितीतरी सत्याग्रही येरवड्याला गेले. तिथे काहींना फटके मारले गेले. तेव्हा गांधीजीही त्याच तुरुंगात होते आणि मुळशीच्या कैद्यांसाठी त्यांनी आतून अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली.

इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा सरकारला काय बोललेलं खपणार नाही, ते सरकारच ठरवायचं. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं, ते राजद्रोहाच्या 124 अ कलमाखाली. 1870 मधलं हे कलम स्वातंत्र्यानंतरही आपल्या कायद्यात राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये त्याचा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात देशाच्या एकतेला धोका आणणाऱ्या कृत्यांसाठी 152 वं कलम आलं. त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या संदेशांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपला मोबाइल आता कायद्याच्या पुस्तकात आहे, हे लक्षात असू द्यावं.

आणि परकीयांनाच का नावं ठेवायची? 1975 ते 77 च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांतला मजकूर छापण्याआधी सरकार तपासत होतं. तेव्हा कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याबद्दल निर्भीडपणे बोलल्या. पुढे त्यांनाही अटक झाली. प्रमिलाताई दंडवते याच येरवड्यात होत्या, पती मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात. नवरा-बायकोची पत्रंसुद्धा तपासणीतून जायची. घरातला जिव्हाळाही सरकारने वाचूनच पुढे पाठवायचा!

चौतीस वर्षं, काही ओळींसाठी

जिथे जाब विचारायला न्यायालयही उरत नाही, तिथे काय होतं, ते बघायचं असेल तर सौदी अरेबियाच्या सलमा अल-शेहाबची गोष्ट ऐका. दोन मुलांची आई. इंग्लंडमध्ये डॉक्टरेट करत होती. सुट्टीला घरी गेली आणि जानेवारी 2021 मध्ये तिला पकडलं. गुन्हा काय, तर तुरुंगातल्या स्त्रियांच्या बाजूने ट्विटरवर लिहिणं आणि तशी ट्विट पुढे पाठवणं. आधी सहा वर्षं, मग अपिलात चक्क चौतीस वर्षं! जगभरातून ओरड झाली, शिक्षा कमी होत गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती सुटली. चार वर्षांत मुलं केवढी वाढली असतील!

इराणमध्ये 2022 साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपच बंद केलं. रशियात त्याच वर्षी सैन्याबद्दल ‘खोटी’ माहिती दिल्यास पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. आता खोटं काय नि खरं काय, हे ठरवणार कोण? सरकारच.

आपल्याकडेही 2023 मध्ये नियम आला होता की, केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल इंटरनेटवरची कुठली माहिती खोटी आहे, ते सरकारनेच नेमलेला विभाग सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये हा नियम रद्द केला. परीक्षा ज्याची, पेपर तपासणारा तोच, असं चालत नाही! आपल्यात आणि त्या देशांत फरक आहे तो एवढाच, की इथे दार वाजवायला न्यायालय आहे. पण दार वाजवायला आधी कुणीतरी उठावं लागतं.

कुणी म्हणेल, मग काय वाट्टेल ते लिहायचं का? मुळीच नाही. मुलींचे फोटो बदलून पसरवणं, घाणेरडे मेसेज, धमक्या, जाती-धर्मात आग लावणाऱ्या अफवा, हे गुन्हेच आहेत आणि त्यासाठी कायदा हवाच. याची झळ सगळ्यात जास्त आपल्यालाच लागते. पण ‘नळाला पाणी का नाही’ हा प्रश्न त्या रांगेत बसत नाही. ही दोन्हींतली रेघ आपल्याला कळली पाहिजे. नाहीतर कुणीही येऊन ती हवी तिथे ओढतो.

म्हणून वाचलेलं थोडं इथे सांगते. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सदस्याने काही लिहिलं म्हणून अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून कट असल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये दिला आहे. अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. आणि अपवाद असला तरी महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अटकेचं कारण सांगावंच लागतं. उत्पन्न कितीही असो, बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा. लिहिताना आपणही पथ्य पाळावं. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं, तारीख घालावी, कुणाला शिवी देऊ नये, आणि आलेलं सगळंच पुढे ढकलू नये.

पुढच्या शनिवारी बचत गटाची बैठक होती. मी सगळ्यांसमोर त्या सुनेची माफी मागितली. म्हटलं, ‘तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं.’ बायका गप्प. मग कोपऱ्यातून आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासद म्हणाल्या, ‘अगं, पानी मागितलं म्हून का कुनी तुरुंगात टाकतंय व्हय? आन् टाकलंच तर समद्या जाऊ की!’ जे हसू फुटलं, त्यात निम्मी भीती वाहून गेली.

आम्ही अर्ज लिहिला. किती दिवस पाणी नाही, कुठल्या आळीत, सगळं तारखेवार. खाली सदतीस सह्या, त्यात सात अंगठे. ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतली. बाहेर आल्यावर त्या सुनेने पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो काढला आणि माझ्याकडे बघितलं.

‘काकू, टाकू का ग्रुपवर?’

घशाशी आलेला आवंढा गिळला आणि म्हटलं, ‘टाक. आणि खाली माझं नाव पहिलं लिही.’