गाडी ठोकली? गॅरेज तुम्ही निवडा

अपघातानंतर विमा कंपनी स्वतःच्या यादीतलं गॅरेज सुचवते. तिथे कॅशलेसची सोय मिळते, पण तिथेच जायची सक्ती नसते. विश्वासातला डेंटर-पेंटर यादीबाहेरचा असेल तर आधी बिल भरून मग क्लेम करता येतो. मात्र कंपनीला कळवून सर्व्हे होईपर्यंत गाडी खोलू देऊ नका!

एस्टिमेट नीट वाचा. बंपर प्लास्टिकचा, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर घसाऱ्यापोटी त्याची निम्मी किंमत आपल्या खिशातून. काचेला घसारा नाही. पार्ट ओरिजिनल की लोकल, हे बिलावर लिहून घ्याच. रंग मात्र दिवसाउजेडातच तपासा, ट्यूबलाइटखाली शेडमधला फरक लपतो.