चर्चच्या पाटीवरचे अक्षर

गांधीबाग ही कापडाची पेठ. येथला व्यापारी ठाण बोटांत चोळून पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. पण त्यालाच दुकानाची पाटी करावयाची असली, की रंगाऱ्याला "काहीतरी झोकदार काढ" एवढे सांगून तो मोकळा होतो. अक्षराचा पोतही चोळून पाहावा लागतो, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. निमित्त एका चर्चचे आहे.

कामगारांची हस्तपत्रके काढण्यात जन्म गेल्यामुळे आमची छापखान्यांशी घसट. त्या ओळखीवर एका मंडळीच्या वडीलजनांनी आम्हांस बोलावले. पाटी, उपासनेची पत्रिका, पावतीपुस्तक, सर्वांवर एकच वळण दिसावे, ही त्यांची इच्छा. तरुणांनी नमुना आणलाच होता : इंग्रजी नाव काळ्या, टोकदार गॉथिक अक्षरांत आणि खाली तसेच काटेरी मराठी. का, म्हणून विचारले, तर म्हणाले, "पवित्र वाटते."

गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले ते याच जातीच्या अक्षरात, हे खरे. पण त्या काळच्या लेखनिकांच्या हातचे धर्मग्रंथांचे ते रुळलेले वळण होते. वाचकाच्या ओळखीचे, म्हणून त्याने ते घेतले. मग मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओळखीचे वळण कोणते?

अमेरिकन मिशनरी १८१३ त मुंबईस आले. पुढे त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडविले. तेथेच जावजी दादाजी नावाचा पोर खिळे घासण्याच्या कामावर लागला. त्याच जावजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. (जावजींचे नाव पुष्कळांना ठाऊक, आरूंचे थोड्यांना. हा आमच्या चळवळीचा जुना विषय, येथे आवरतो.) सांगावयाचे ते हे, की मिशनची पुस्तके आणि निर्णयसागरी संस्कृत ग्रंथ यांचे अक्षर एकाच शाळेतले. मराठी डोळ्याला पावित्र्य दिसते ते त्या गोल, भरदार वळणात, काट्यांत नव्हे.

आता चोळून पाहण्याची रीत. इंग्रजी शोभून दिसले म्हणून वळण घेऊ नये. आपलेच शब्द त्यात जुळवून पाहावेत. आम्ही चार शब्द घेतले : येशू, ख्रिस्त, मंडळी, तारणाऱ्याचे. पुष्कळ वळणांत 'श' हिंदी धाटणीचा येतो. 'ळ' तर हिंदीला क्वचितच लागतो, म्हणून तो सावत्र लेकरासारखा उपाशी दिसतो. 'ऱ्या'तला अर्धा 'र' काही ठिकाणी उमटतच नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितली आहेत. पुष्कळ टंकांत दोन्ही रूपे असतात. संगणकाला भाषा मराठी आहे असे सांगितले म्हणजेच आपले रूप बाहेर येते.

'ख' सर्वांत दगाबाज. आमच्याच एका पत्रकात "सभेनंतर सर्वांनी रवाना व्हावे" असे होते. खिळे इतके चिकटले, की लोकांनी 'खाना' वाचला आणि चार जण जेवायचे थांबले! १९५३ च्या लखनौ परिषदेने 'ख'चे दोन भाग खाली जोडावेत असे सुचविले ते याचसाठी. ज्या नावाचा आरंभच 'ख'ने होतो, तेथे हा पहिला निकष.

जोडी जमवताना दोनच वळणे घ्यावीत, आणि दोघांची कामे निराळी असावीत. वाचनासाठी आम्ही 'तिरो देवनागरी मराठी' सुचविले : वळण जुन्या ग्रंथांचे, पण त्यात ठळक प्रत नाही. म्हणून पाटीला आणि मथळ्यांना 'मुक्ता', जिच्यात बारीकपासून अगदी जाडपर्यंत प्रती आहेत. दोन्ही फुकट मिळतात, आणि दोहोंत इंग्रजी अक्षरेही आहेत. इंग्रजी व मराठी शेजारी ठेवताना मात्र मापाच्या आकड्यावर विसंबू नये. आकडा एकच असला तरी एक लिपी मोठी भासते. कागद भिंतीला लावून दहा पावले मागे जावे आणि डोळ्याने ठरवावे. शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्यांना जागा लागते, म्हणून मराठी ओळींत अंतर अधिक सोडावे.

तरुणांनी गॉथिकचा हट्ट पुरता सोडला नाही. नाताळच्या शुभेच्छापत्रावर एक इंग्रजी ओळ त्यांना दिली. रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी 'येशू'त हिंदी 'श' काढला. त्याला शिडीवरून उतरवून चहा पाजला, नमुना हातात दिला आणि पुन्हा चढवला.