मुलांच्या कॅज्युअल्टीत ड्युटी लागलीय? जाण्याआधी एवढं वाचा

आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली आता एमबीबीएस करतायत. इंटर्नशिपमध्ये लहान मुलांच्या तातडीच्या विभागात ड्युटी लागली की भल्याभल्यांची झोप उडते. आम्हाला वाटतं, जाडजूड पुस्तक पुन्हा उघडण्यापेक्षा काही गोष्टी पक्क्या करून जावं.

हात लावण्याआधी बघा. बाळ आईच्या मांडीवरच राहू द्या, झबलं वर करा. बाळ तुमच्याकडे बघतंय का? श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का? अंग फिकं, निळसर आहे का? मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आत 60, 1 वर्षापर्यंत 50 आणि 5 वर्षांपर्यंत 40. तेवढे किंवा जास्त भरले तर श्वास वेगात आहे. घसा-कान शेवटी. आधी तेच बघितलं की बाळ रडतं आणि मोजणं राहून जातं.

आईचं ऐका. ‘पसली चल रही है’ म्हणाली तर ती छाती ओढली जात असल्याचंच सांगतेय. आपल्या मुलांना ही भाषा घरूनच येते, ती तिथे वापरावी. घुट्टी दिली का, काही चाटवलं का, हेही विचारा, पण रागावून नको. रागावलात की खरं कळणार नाही. गळ्यातला तावीज घट्ट असेल तर आईलाच सैल करायला सांगा.

सगळ्यात जास्त चुका डोसमध्ये होतात. मुलांचं औषध वजनावर असतं, म्हणून आधी काटा. काटा नसेल तर वयात 4 मिळवून दुप्पट करतात, पण आपल्याकडची अशक्त मुलं त्यापेक्षा हलकी भरतात. आता पॅरासिटामॉल घ्या. 10 किलोच्या बाळाला किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 150. 5 मिलीत 250 असलेलं सिरप 3 मिली लागतं. पण 1 मिलीत 100 असलेले ड्रॉप्स 3 मिली दिले, तर डोस थेट दुप्पट! बाटली हातात घेऊन वाचायची, हिशेब कागदावर करायचा, सिस्टरला मोठ्याने सांगायचा.

आकडी आलेलं मूल कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, ऑक्सिजन लावा, सीनियरला हाक मारा आणि रक्तातली साखर लगेच तपासा. धावपळीत नेमकी तीच राहते.