वाफेची छोटी आगगाडी : बांधणी आणि चालन

मूळ वस्तू आधी निर्माण व्हावी आणि तिची लहान प्रतिकृती मागाहून, असा जगाचा सर्वसाधारण क्रम आहे. आगगाडीच्या इंजिनाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलट झाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील रेडरूथ या गावी विल्यम मरडॉक नावाच्या यंत्रज्ञाने १७८४ साली स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी एक तीनचाकी वाफेची गाडी तयार केली. ती टेबलावर सहज मावेल एवढी लहान होती. मरडॉकने रात्रीच्या अंधारात तिची चाचणी घेतली असता ती त्याच्या हातून निसटली आणि फुसफुसत येणारा तो अग्निमय जीव पाहून गावच्या धर्मोपदेशकाची गाळण उडाली, अशी आख्यायिका तेथे अद्याप सांगतात. पुढे वीस वर्षांनी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, कॉर्नवॉलच्याच रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समधील पेनिडॅरन येथे १० टन लोखंड व सुमारे ७० माणसे रुळांवरून ओढून नेणारे खरेखुरे इंजिन चालवून दाखविले. मोठ्या इंजिनाची वाट अशा रीतीने एका छोट्या इंजिनाने दाखविली.

आज मोठी वाफेची इंजिने नित्याच्या वाहतुकीतून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. परंतु छोटी इंजिने स्वतःच्या हाताने घडविण्याचा व चालविण्याचा छंद मात्र टिकून आहे. ही इंजिने दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांसारखी नसतात. त्यांत खरा कोळसा जळतो, खरे पाणी उकळते आणि त्यांच्यामागे जोडलेल्या डब्यांवर मोठी माणसे बसून प्रवास करतात. या छंदामागील विज्ञान कोणते, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

छंदाचा उगम आणि एक वाद

या छंदाला संघटित रूप इंग्लंडमध्ये आले. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ या नावाने ओळखले जाणारे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तेथे अशा हौशी यंत्रकारांची एक संस्थाही स्थापन झाली. कारकून, शिक्षक, घड्याळजी, कारखान्यातील कामगार असे नाना व्यवसायांचे लोक संध्याकाळी घरातील लहानशा लेथवर चाके कातू लागले.

तथापि प्रारंभीच्या काळात एक समजूत दृढ होती. लहान अग्निपेटीत कोळसा नीट जळणार नाही, म्हणून लहान इंजिनाला स्पिरिटचा दिवाच योग्य, असे बहुतेकांस वाटे. परिणामी ही इंजिने दिसावयास देखणी, पण ओढण्यास दुबळी असत. ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागीर-लेखकाने या समजुतीला आव्हान दिले. ही अक्षरे त्याने लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वे कंपनीच्या नावावरून घेतली होती. नियतकालिकाच्या पानांवर बराच वाद झाला. अखेर १९२४ साली लंडनमध्ये त्याने आपले ‘आयेशा’ नावाचे कोळशावर चालणारे इंजिन सर्वांसमक्ष चालवून दाखविले. रुळांमधील अंतर अवघे अडीच इंच, म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर. आणि तरीही त्या इंजिनाने प्रौढ माणसाला ओढले. त्यानंतर कोळशाचा पक्ष प्रबळ झाला. एल. बी. एस. सी. ने पुढे तीन दशकांहून अधिक काळ इंजिने कशी बांधावीत यावर सविस्तर लेखन केले.

प्रमाणाचा नियम

मोठ्या इंजिनाची प्रत्येक लांबी सोळा पटींनी कमी केली, म्हणजे छोटे इंजिन तयार झाले, असे वाचकास वाटेल. परंतु निसर्गाचे नियम आपल्या सोयीसाठी लहान होत नाहीत. लांबी १६ पटींनी कमी झाली की पृष्ठफळ १६ × १६, म्हणजे २५६ पटींनी कमी होते. आणि घनफळ व वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ पटींनी घटते. ८० टनांचे इंजिन त्यामुळे सुमारे २० किलोग्रॅमचे होईल. ज्या बॉयलरमध्ये ४,५०० लिटर पाणी मावत असे, त्याच्या प्रतिकृतीत जेमतेम १.१ लिटर मावेल.

या एका नियमातून पुष्कळ गोष्टी निष्पन्न होतात. घनफळाच्या मानाने पृष्ठभाग अधिक राहिल्यामुळे छोटे इंजिन झपाट्याने उष्णता गमावते. मोठ्या बॉयलरमधील धूर नेणाऱ्या नळ्या सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या असतात. त्या सोळा पटींनी लहान केल्यास ३ मिलिमीटरच्या होतील व काजळीने लगेच तुंबतील. म्हणून कसबी कारागीर नळ्यांची संख्या कमी करून त्यांचा व्यास वाढवितो. पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी फार बारीक घेतली, तर केशाकर्षणामुळे पाणी तिच्यात वर चढते आणि बॉयलरमध्ये नसलेले पाणी असल्याचा भास होतो. तात्पर्य, बाहेरून इंजिन हुबेहूब असले, तरी आतील रचना निसर्गाला विचारूनच ठरवावी लागते.

बॉयलर

या छंदात सर्वांत जबाबदारीचे काम बॉयलर घडविण्याचे. तो बहुधा तांब्याच्या पत्र्याचा करतात; कारण तांबे उष्णता चांगली वाहते, गंजत नाही आणि तापवून मऊ केले असता साच्यावर ठोकून हवा तो आकार घेते. सांधे साध्या कथलाच्या डाखाने जोडीत नाहीत. चांदीयुक्त डाख वापरतात. तो वितळण्यास ६०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. अग्निपेटी मागे, नळ्या मधल्या दंडगोलात आणि धूम्रपेटी पुढे, ही रचना मोठ्या इंजिनासारखीच असते. स्टीफन्सनच्या १८२९ सालच्या ‘रॉकेट’ इंजिनातही तांब्याच्या २५ नळ्या होत्या.

वाफेचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला ५.६ किलोग्रॅम, म्हणजे दर चौरस इंचाला ८० पौंड ठेवतात. हा आकडा लहान वाटतो. पण हिशेब करून पाहावा. अग्निपेटीची एक बाजू १५ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर उंच असेल, तर तिचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर भरते आणि तिच्यावर ८४० किलोग्रॅमचा रेटा येतो. बारा-तेरा माणसे एका वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर उभी राहावीत, तसा हा भार होय. दंडगोलाकार भाग आपल्या आकारामुळेच हा रेटा सोसतो. सपाट पत्रा मात्र बाहेर फुगू पाहतो. त्यासाठी आतील व बाहेरील पत्रे दर दोन सेंटिमीटरवर आडव्या तांब्याच्या खिळ्यांनी एकमेकांस बांधून टाकतात. मग प्रत्येक खिळ्याच्या वाट्याला अवघा साडेबावीस किलोग्रॅम भार येतो आणि तो खिळा तो सहज पेलतो.

बॉयलर तयार झाला तरी त्यात लगेच विस्तव घालावयाचा नसतो. प्रथम तो थंड पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब देतात. पाणी दाबले तरी जवळजवळ आक्रसत नाही. म्हणून एखादा सांधा कच्चा असला तर चार थेंब गळतात व दाब उतरतो, इतकेच. तोच दोष वाफेच्या वेळी प्रकट झाला तर परिणाम भयंकर होतात. ५.६ किलोग्रॅम दाबाखाली पाणी १६० अंशांहून अधिक तापलेले असते. बॉयलर फाटून दाब एकदम नाहीसा झाला, तर एका लिटर पाण्यातील सुमारे १०० ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती दीडशे लिटरहून अधिक जागा व्यापू पाहते. म्हणूनच ब्रिटनमधील संस्था आपल्या तपासनिसाने परीक्षिलेला व प्रमाणपत्र दिलेला बॉयलरच रुळांवर आणू देतात आणि ठराविक मुदतीने त्याची फेरतपासणी करतात. कितीही नावाजलेला कारागीर असो, त्याला या नियमातून सूट नसते.

इंजिनाची ओढ आणि डबे

आता इंजिन किती वजन ओढील, हे पाहू. समजा, दोन्ही सिलिंडरांचा व्यास २.५ सेंटिमीटर, दट्ट्याची धाव ४ सेंटिमीटर आणि चाकाचा व्यास १० सेंटिमीटर आहे. व्यासाच्या वर्गाला धावेने व वाफेच्या दाबाने गुणावे आणि चाकाच्या व्यासाने भागावे, म्हणजे चाकाच्या कडेवरील ओढ मिळते. ती येथे १४ किलोग्रॅम येते. वाटेत होणारी दाबाची घट जमेस धरून तिचे शेकडा ८५ घेतल्यास सुमारे १२ किलोग्रॅम उरतात.

परंतु सिलिंडरात जोर असून भागत नाही. चाकांनी रूळ धरला पाहिजे. इंजिनाचे वजन ३० किलोग्रॅम असून त्यांपैकी २० किलोग्रॅम चालक चाकांवर असतील, तर घर्षण त्या भाराच्या पंचमांशाएवढे, म्हणजे ४ किलोग्रॅम मानावे. याहून अधिक जोर लावताच चाके जागच्या जागी गरगर फिरतात. गाडीचा विरोध एकंदर वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा धरला, तर सपाट मार्गावर इंजिनासह २०० किलोग्रॅमची गाडी चालेल. म्हणजे २० किलोग्रॅमच्या डब्यावर दोन प्रौढ माणसे आरामात बसतील. मार्गाला शंभरात एक एवढा चढ लागला की ही मर्यादा १३३ किलोग्रॅमवर येते आणि एका माणसाला खाली उतरावे लागते! डोळ्यांना न दिसणारा चढ इंजिनाला मात्र तत्काळ कळतो.

डब्यांची बांधणीही विचारपूर्वक करावी लागते. साडेतीन व पाच इंची मार्ग पुष्कळदा खांबांवर उंच बांधतात. प्रवासी डब्याच्या दोन्ही बाजूंस पाय सोडून बसतो. सव्वासात इंची मार्ग जमिनीलगत असतो. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे रोधक, म्हणजेच ब्रेक. वरील गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने जात असता केवळ इंजिनाच्या चाकांना ब्रेक लावला, तर ती थांबण्यास सुमारे १० मीटर अंतर लागेल. डब्यांच्या चाकांनाही ब्रेक असेल, तर तीच गाडी दोन मीटरच्या आत थांबते. म्हणून प्रवासी वाहणाऱ्या डब्याला ब्रेक असणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम होय.

रुळांवर

चालविण्याच्या दिवशी बॉयलरमध्ये स्वच्छ पाणी भरतात आणि रॉकेलमध्ये भिजविलेल्या लोणारी कोळशाने विस्तव पेटवितात. धुराड्यावर लहानसा विजेचा पंखा बसवून हवा ओढतात. थोडी वाफ धरली की पंखा काढून वाफेच्याच झोताने विस्तव फुलवितात आणि मग दगडी कोळशाचे बारीक तुकडे टाकतात. गाडी चालू लागल्यावर सिलिंडरांतून सुटणारी वाफ धुराड्यात वर उसळते व आपल्याबरोबर धूर ओढून नेते. त्यामुळे अग्निपेटीत ताजी हवा येते. ओझे वाढले की वाफ जोराने सुटते आणि विस्तव आपोआप अधिक पेटतो. हीच वाफेच्या इंजिनाच्या अंगची मोठी खुबी आहे.

सुरुवातीला सिलिंडर थंड असल्याने त्यांत वाफेचे पाणी होते. ते दट्ट्यापुढे अडकले तर सिलिंडरचे झाकण फुटेल. म्हणून खालच्या तोट्या उघड्या ठेवून ते बाहेर सोडतात. चालकाची नजर मात्र सतत पाण्याच्या काचेवर हवी. बॉयलरमध्ये पाणीच लिटर-दीड लिटर. काही मिनिटे दुर्लक्ष झाले की अग्निपेटीचे छत उघडे पडते आणि ते तांबे तापून दुर्बळ होते. त्यासाठी पाणी घालण्याची किमान दोन स्वतंत्र साधने ठेवतात : आसावर चालणारा पंप, हातपंप अथवा फ्रान्सच्या झिफार्डने १८५८ साली शोधलेला इंजेक्टर. छोट्या इंजेक्टरमधील छिद्र एका मिलिमीटरहूनही बारीक असते. धुळीचा एक कण ते बंद करू शकतो.

या चालनकौशल्याची परीक्षाही होते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून छोट्या इंजिनांच्या कार्यक्षमतेची स्पर्धा भरविली जाऊ लागली. चालकाला तोलून कोळसा देतात, इंजिनामागे ओढ मोजणारा डबा जोडतात आणि केलेले कार्य व जाळलेली उष्णता यांचे गुणोत्तर काढतात. चांगल्या इंजिनाची कार्यक्षमता शेकडा दोन-तीनच्या आसपास भरते. हा आकडा पाहून हसू येईल. परंतु मोठी इंजिनेही शेकडा सहा-आठच्या फारशी पुढे गेली नाहीत. लहान देहातून उष्णता किती वेगाने निसटते, हे ध्यानात घेता दोन-तीन टक्केही सहजासहजी मिळत नाहीत.

आरंभ कसा करावा

भारतीय वाचकाने आपल्याकडील इंजिनाची प्रतिकृती करावयाची ठरविल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटनचा रूळमार्ग ४ फूट साडेआठ इंच रुंद असल्याने साडेतीन इंची मार्गाला सोळावा हिस्सा हे प्रमाण जुळते. आपला रुंद मार्ग ५ फूट ६ इंचांचा असल्याने पाच इंची मार्गावर त्याचे प्रमाण सुमारे तेरावा हिस्सा येते. मीटरमापी इंजिन साडेतीन इंची मार्गावर अकराव्या हिश्शाचे होते. इंग्लंडमधील आराखडा जसाच्या तसा उचलून चालत नाही.

शाळेच्या कर्मशाळेत प्रथम चौकट, चाके व सिलिंडर एवढेच करावे आणि ते हवेच्या दाबावर मंद गतीने फिरवून पाहावे. अनुभवी कारागीरही हेच करतात. चाक हळू व एकसारखे फिरले, तर झडपांची वेळ बरोबर साधली असे समजावे. डबा करून त्याला ब्रेक बसविणे, हाही विद्यार्थ्यांना झेपणारा पाठ आहे. बॉयलर मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून व पाण्याच्या चाचणीवाचून कोणीही करू नये. ज्याने एकदा स्वतः केलेल्या बॉयलरवर दुप्पट दाब देऊन काट्याकडे श्वास रोखून पाहिले आहे, त्याला दाब, क्षेत्रफळ व बल यांचा संबंध पुन्हा पाठ करावा लागत नाही.