रेणूच्या ठशाची परीक्षा

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाच्या शेजारी द्राक्ष आणि डाळिंब उभं आहे. द्राक्षाचा माल परदेशी जायचा असेल तर त्याचा निकाल प्रयोगशाळेत लागतो. 2010 साली बागायतदारांना याची झळ बसली. वेलीची शेंडावाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागेतल्या बोलीत 'सीसीसी'चा, अंश सापडला आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. द्राक्षाच्या रसात साखर, आम्लं, रंगद्रव्यं यांची दाटी असते. त्यातून एवढासा अंश वेगळा काढणं हेच तपासणीतलं जिकिरीचं काम, आणि त्यासाठी रसायनशास्त्राने घडवलेलं एक साधन म्हणजे रेणूचा ठसा घेतलेलं पॉलिमर.

ते बनवायची रीत ऐकायला सोपी आहे. जो रेणू पकडायचा तोच साचा म्हणून घ्यायचा. त्याला हलकेच धरून ठेवणारे छोटे रेणू, बहुधा मेथॅक्रिलिक आम्लाचे, त्याच्याभोवती जमू द्यायचे आणि मग भरपूर जोडक घालून सगळं घट्ट करायचं. एका साच्याला चार धरणारे आणि वीस जोडणारे, हे रूढ प्रमाण. पॉलिमर कडक झालं की साचा धुऊन काढायचा. मागे त्याच्या मापाची पोकळी उरते. जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी 1972 मध्ये पक्क्या रासायनिक बंधांनी ही वाट पाडली. पुढे स्वीडनमध्ये क्लाउस मॉसबाख यांनी ती सैल बंधांवर आणली. त्यांच्या गटाने 1993 मध्ये दम्यावरचं औषध थिओफिलिन रुग्णांच्या रक्तद्रवात अशा पॉलिमरने मोजून दाखवलं. थिओफिलिन आणि कॅफीन यांच्यात फक्त एका मिथिल गटाचा फरक, तरी पॉलिमरने कॅफीनला एक टक्काही दाद दिली नाही. या पोकळीला कुलूप आणि रेणूला किल्ली म्हणायची सवय आहे.

ही उपमा मला घातक वाटते. काळ्या रानात पावसानंतर बैल चालून गेले तर खुरांचे ठसे उमटतात. पण काही रेखीव, काही कडेने ढासळलेले, काही एकावर एक पडून बिघडलेले असतात. पॉलिमरमध्येही तेच होतं, कारण घट्ट होण्याच्या क्षणी धरणारे रेणू सगळीकडे नीट जागेवर नसतात. याचा पुरावा आलेखात दिसतो. बांधल्या गेलेल्या रेणूंची संख्या आणि मोकळ्या रेणूंचं प्रमाण यांचं गुणोत्तर बांधलेल्या संख्येसमोर मांडण्याची स्कॅचर्ड यांची पद्धत आहे. रेणू धरणाऱ्या सगळ्या जागा एकसारख्या असत्या तर सरळ रेष मिळाली असती. या पॉलिमरांची रेष बहुधा वाकते. अनेक अभ्यासक त्या वाकड्या रेषेचे दोन सरळ तुकडे करून 'दोन प्रकारच्या जागा' जाहीर करतात. हा सोयीचा तोडगा आहे. जागांची प्रत सलग उतरत जाते आणि तिचं वर्णनही तसंच सलग करायला हवं.

जागा इतक्या विषम असतील तर पॉलिमर टाकाऊच, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. पकडायचे रेणू थोडे असतात तेव्हा आधी उत्तम जागा भरतात आणि अवशेषांची तपासणी नेमकी तिथेच चालते. मात्र म्हणूनच, भरपूर रेणू ओतून काढलेला आकडा खालच्या टोकाबद्दल काही सांगत नाही. शिवाय साचा न वापरता, बाकी सगळं तेच घेऊन बनवलेलं जुळं पॉलिमर शेजारी हवं. त्यालाही रेणू तितकेच चिकटले तर श्रेय ठशाचं नाही. आणखी एक धोका गळतीचा. धुताना आत अडकलेला साचा नंतर हळूहळू सुटतो, आणि 0.05 च्या हिशेबात तेवढ्यानेही स्वच्छ माल दोषी ठरू शकतो. त्यावर उपाय म्हणजे मूळ रेणूऐवजी त्याच्या सारख्या दिसणाऱ्या भावंडाचा ठसा घ्यायचा, म्हणजे गळालं तरी यंत्र ते वेगळं ओळखतं.

वस्तुमान मोजणारी महागडी यंत्रं दोन कोटींत एक भाग सहज टिपतात, मग ठशाचा खटाटोप कशाला, असंही कुणी विचारेल. यंत्र टिपतं हे खरं. पण रसातल्या दाटीमुळे त्याचा संकेत दबतो किंवा फुगतो, म्हणून नमुना आधी साफ करावा लागतो, आणि ठसा तिथे कामाला येतो.

सीसीसीच्या बाबतीत मात्र परीक्षा कठीण आहे. हा रेणू लहान, त्यावर धन भार. तो पॉलिमरमधल्या कुठल्याही आम्लगटाला, पोकळीबाहेरच्यासुद्धा, बिलगतो. त्यातून वनस्पतींच्या पेशींत, म्हणजे द्राक्षातही, कोलीन असतं. सीसीसीत जिथे क्लोरीन, तिथे कोलीनमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. बाकी सांगाडा एकच. तेव्हा सीसीसीचा ठसा घेतल्याचा दावा समोर आला, तर पहिला प्रश्न कोलीनचा विचारावा: खऱ्या द्राक्षरसात, मर्यादेच्या आसपास, या पॉलिमरने आणि त्याच्या बिनठशाच्या जुळ्याने सीसीसी आणि कोलीन किती किती धरलं?